ओळखीच्या पलीकडचे संगीत शोधावे कसे आणि चारचौघांना ऐकवावे कसे?

ओसरीवरचा श्रोता, अंबाजोगाई

गेले वर्षभर आम्ही दहा-बारा मंडळी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री आमच्या ओसरीवर संगीत ऐकायला बसतो. दोन निवृत्त शिक्षक, एक औषधविक्रेते, बाजार समितीतील एक हिशेबनीस, भजनी मंडळातील तिघे आणि अधूनमधून कोणाची तरी मुले, असा गोतावळा असतो. ज्याने त्याने आपल्या आवडीचे आणावे असे ठरले होते, परंतु सहा-सात महिन्यांनी लक्षात आले की तीच वीस-पंचवीस नावे आलटून पालटून वाजत आहेत. आमच्याच तालुक्यातील आपेगावचे पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर यांना 1986 साली पद्मश्री मिळाली; त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आमच्या बैठकीत मात्र स्वतंत्र पखवाज एकदाही लागला नव्हता, याची मला खरोखर लाज वाटली.

म्हणून मागच्या बैठकीत मी धाडस करून बल्गेरियातील स्त्रियांचे समूहगायन लावले. त्यात दोन आवाज अगदी लगतच्या स्वरांवर एकमेकांना घासत चालतात आणि तेथील खेड्यांत त्या घासण्यालाच सौंदर्य मानतात. भजनी मंडळातील काकांनी दुसऱ्याच मिनिटाला "सूर लागला नाही का हो यांचा?" असे विचारले आणि चौथ्या मिनिटाला सगळे चहाकडे वळले.

माझे प्रश्न दोन आहेत. मोबाईलवरील ॲप आपण ऐकलेल्यासारखेच पुन्हा पुढे करीत असताना, निरनिराळ्या प्रकारांतील अपरिचित संगीतापर्यंत आपण कोणत्या वाटेने पोहोचता? आणि ते सापडल्यावर माझ्यासारखी फजिती न होता इतरांना कसे ऐकवता?

तारेवरची, परभणी

दादा, मी नावांच्या मागे न जाता वाद्यांच्या मागे जाते. माझ्या आजोळी घट बसले की आराध्यांचा मेळा येत असे आणि त्यातील चौंडके वाजवणाऱ्या मावशींच्या शेजारी बसण्यासाठी आम्हा मुलांत भांडण होई. काखेत धरलेले लाकडी नळकांडे, त्याच्या एका तोंडाला चामडे, त्या चामड्यातून निघालेली तार दुसऱ्या हाताच्या मुठीत. तार छेडताना मूठ आवळली की आवाज उसळून वर जातो आणि सैल सोडली की गडगडत खाली येतो. तो ताल आहे की सूर, हे मला तेव्हाही सांगता येत नव्हते.

पुढे नोकरीच्या काळात एका रात्री बंगालच्या बाउल गायकांचे ध्वनिमुद्रण कानावर पडले आणि मी दचकून उठून बसले, कारण हे तर आमचे चौंडकेच होते. त्या वाद्याला तिकडे खमक म्हणतात. तेही काखेत धरतात आणि त्याचीही तार मुठीने ताणतात. त्या एका आवाजाच्या आधाराने मी बाउल गाण्यात शिरले, तेथून एकतारी आणि दोताऱ्याकडे वळले, आणि त्या पदांचे शब्द कळावेत म्हणून थोडी बंगालीही शिकले. ॲपने ही वाट मला कधीच दाखवली नसती, कारण त्याच्या लेखी आराधी गाणे 'भक्तिगीत' आहे आणि बाउल 'लोकसंगीत', म्हणजे दोन वेगळ्या कप्प्यांतील माल.

आणखी एक सवय सांगते. आवडलेल्या ध्वनिमुद्रिकेवर मुख्य कलावंताचे नाव न वाचता साथीदारांची नावे वाचावीत आणि मग त्या सारंगियाने किंवा तबलजीने आणखी कोणाला साथ केली आहे ते शोधावे. साथीदार अनेक घरांत वावरलेला असतो. त्याचे बोट धरले की आपणही त्या घरांत जातो.

षड्ज-पंचम, नांदेड

मी गेली अनेक वर्षे गायन शिकवतो, म्हणून ऐकवण्याविषयी लिहितो. आपली निवड चुकली नव्हती, क्रम चुकला. श्रोत्याच्या कानाला पाय ठेवायला एक तरी पायरी हवी, आणि लगतच्या स्वरांची टक्कर हा भजनी मंडळाच्या कानासाठी एकदम वरचा मजला होतो.

त्याऐवजी इथिओपियापासून आरंभ करून पाहावा. तेथे 'तिझिता' नावाचा एक स्वरसमूह आहे आणि त्याच नावाची गाणीही आहेत. या शब्दाचा अर्थ आठवण किंवा गतकाळाची ओढ. त्याच्या शुद्ध स्वरांच्या प्रकारात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर येतात, म्हणजे आपल्या भूप रागाचे. माझ्या वर्गात मी आधी मुलांकडून भूपाची सरगम पाच मिनिटे गाऊन घेतली आणि मग काहीही न सांगता महमूद अहमद यांचे एक तिझिता गाणे लावले. दुसऱ्या ओळीला मागच्या रांगेतील एक मुलगी हलक्या आवाजात गंधारावर न्यास करू लागली, म्हणजे त्या स्वरावर येऊन विसावू लागली. तिला भाषेचे एक अक्षरही कळत नव्हते.

येथे एक खबरदारी घ्यावी. 'हा तर आपलाच भूप' असे म्हणून मोकळे होऊ नये. स्वर तेच असूनही भूप आणि देशकार वेगळे कसे होतात, हे आपण जाणतोच. देशकार धैवतावर उभा राहतो आणि तेवढ्याने त्याचा सारा चेहरा बदलतो. तिझिताचीही स्वतःची चाल आहे, गळा फिरवण्याची स्वतःची रीत आहे, आणि एकदा पायरी मिळाली की खरा आनंद तो फरक ऐकण्यातच आहे. तेथील अझमारी गायक मासिंको नावाचे एकतारी गजवाद्य वाजवीत समोरच्या माणसावर जागच्या जागी कडवी रचतात. शाहिरी ऐकलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मग मुलातू अस्तात्के यांचे व्हायब्राफोनवादन लावावे; धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे हे वाद्य. तेच स्वर जॅझच्या ताफ्यात गेल्यावर काय होते ते दिसेल, आणि आपण बैठकीत जॅझ लावला हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

एका बैठकीत एकच अपरिचित गोष्ट लावावी आणि तीही दोनदा. माहिती सांगायची ती दोन वेळांच्या मधल्या फटीत.

तांड्यावरचा, किनवट

वरील सूचना चांगल्या आहेत, परंतु 'अपरिचित' हा शब्द मला खटकतो. अपरिचित कोणाला? होळीच्या दिवसांत आमच्या तांड्यावर म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना लेंगी, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची होळीची गाणी, पाठ असतात. त्या आमच्या गोरबोलीत असल्यामुळे दहा किलोमीटरवरच्या बाजारपेठेला ठाऊक नसतात, एवढाच अर्थ आहे.

दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्याने आमच्या बायकांच्या लेंगी मोबाईलवर टिपल्या आणि स्वतःच्या चॅनेलवर चढवल्या. तांड्याचे नाव नाही, गाणाऱ्यांचे नाही, कोणाला विचारलेलेही नाही. माझ्या चुलतीला आपलाच आवाज दुसऱ्याच्या मुलाने दाखवला तेव्हा कळले. तेव्हा शोधण्याच्या आनंदात एवढे विसरू नये. आपल्या ओसरीवर स्पीकरऐवजी एखाद्या महिन्यात गाणारी माणसेच बोलवा, आणि त्यांना मानधन द्या.

जुनी कॅसेट, बीड

किनवटच्या मित्राचे म्हणणे रास्त आहे, आणि नाव-गाव सांभाळून हे काम कसे करता येते याचा उत्तम नमुना मराठीतच आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या नावासह आणि गावासह वाचता येतात. कित्येक ऐकताही येतात. आमच्या जिल्ह्यातील माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही तेथे आहेत. श्रोत्याने एक दुपार तेथे घालवावी, पुढील तीन बैठकांची सोय होईल.

हक्कांविषयी थोडे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे टिकतो. गीतकार-संगीतकारांचा हक्क मात्र त्यांच्या निधनानंतर 60 वर्षे. म्हणून जुनी तबकडी मिळाली तरी ती सरसकट सर्वांना पाठवण्यापूर्वी दोन्ही हिशेब करावेत. मी स्वतः फायली पाठवीत नाही. घरी बोलावतो आणि ऐकवतो. जुन्या कॅसेटला बुरशी असेल तर ती डेकमध्ये मुळीच घालू नये, एवढे अनुभवाने सांगतो, कारण ती डेकचे हेडही खराब करते आणि नंतर लावलेली प्रत्येक कॅसेटही.

ट्रान्झिस्टर, छत्रपती संभाजीनगर

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, त्यामुळे यंत्रांच्या बाजूने एक भर घालतो. 'रेडिओ गार्डन'वर पृथ्वीचा गोल फिरवून कोणत्याही गावचे रेडिओ केंद्र थेट ऐकता येते. तेथे आपली आवड कोणी ओळखत नाही, म्हणूनच अनपेक्षित गोष्टी कानावर पडतात. आणि मुलांना बैठकीत आणायचे असेल तर चरणजित सिंग यांच्यापासून सुरुवात करा. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या गृहस्थांनी 1982 साली सिंथेसायझर आणि ताल-यंत्रावर दहा राग वाजवले. तबकडी फारशी खपली नाही. पुढे शिकागोत ज्या यंत्रावर 'ॲसिड हाउस' हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा राहिला, तेच यंत्र त्यांनी आधी रागांसाठी वापरले होते, हे 2010 साली तबकडी पुन्हा निघाल्यावर जगाच्या ध्यानात आले. माझ्या वडिलांना त्यातला भैरव पटला नाही, मला पटला, आणि त्यावर आम्ही रात्री एक वाजेपर्यंत वाद घातला.

ओसरीवरचा श्रोता, अंबाजोगाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या शनिवारी भजनी मंडळातील काकाच आधी भूपातला अभंग म्हणणार आहेत आणि त्यामागून तिझिता दोनदा लागेल. किनवटचे दादा, तांड्यावरील ताईंना होळीनंतरच्या बैठकीसाठी येता येईल का, हे विचारून कळवावे. प्रवासखर्च आणि मानधन आम्ही वर्गणीतून आधीच बाजूला काढले आहे. आमच्यापैकी कोणीही ध्वनिमुद्रण करणार नाही, त्यांनी सांगितले तरच करू. बल्गेरियाच्या बायका मी सोडलेल्या नाहीत, त्यांना दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. चहा मात्र यापुढे आधीच होईल.