मदत हवी आहे: वर्षाच्या कांदा-लसूण चटणीला श्रावणात वास येऊ लागला आहे

टिळकवाडीकर
आम्ही दरवर्षी उन्हाळ्यात वर्षभराची कांदा-लसूण चटणी डंकावर कांडून आणतो. यंदाही नेहमीच्याच पद्धतीने केली आहे, परंतु श्रावण लागल्यापासून तिला वास येऊ लागला असून रंगही काळपट दिसत आहे. गणपतीला पुण्याहून जाऊबाई येणार आहेत आणि त्यांच्या वाटणीची चटणी त्या त्याच वेळी घेऊन जातात, त्यामुळे हाताशी फार दिवस नाहीत. चटणी वाचवण्याचा खात्रीचा उपाय कोणास माहीत असल्यास कृपया लवकर सांगावा. नवी करा असे सांगू नये, कारण या पावसात बेळगावात वाळवण होत नाही हे सर्वांनाच ठाऊक आहे.

खानापूरच्या काकू
वास कसा आहे ते आधी सांगा. खवट असेल तर खोबरे किंवा तेल बिघडले असे समजावे; कुबट असेल तर ओल शिरली आहे. दोन्हींचे उपाय निराळे आहेत. कांदा तळून घातला होता की नुसता वाळवून? लसूण आणि कोथिंबीर ओलीच कांडली का? चटणी बरणीत आहे की डब्यात, आणि ती ठेवता कुठे? एवढे कळल्याशिवाय कोणी काही सांगितले तरी तो अंदाजच ठरेल.

गडहिंग्लजकर
मूळ दोष मिरचीचा असणार. हल्ली रंगाच्या मोहाने लोक सगळी ब्याडगीच घालतात आणि मग चटणीला ना तिखटपणा राहतो ना टिकाऊपणा. आमच्याकडे संकेश्वरी जवारी मिरचीशिवाय चटणी होत नाही. ती लांब आणि पातळ सालीची असते, उन्हात कडकडीत वाळते आणि कांडली की तिचा वास सगळ्या गल्लीत जातो. यंदा मिरची कोणती घेतली होती?

टिळकवाडीकर
मिरची रविवार पेठेतून स्वतः निवडून आणली होती, ब्याडगी आणि संकेश्वरी निम्मी-निम्मी. देठ घरीच खुडले, उन्हेही दिली. मिरचीबद्दल माझी तक्रार नाही. वास कुबटच म्हणावा लागेल. आता उपाय सांगावा.

हावेरीचे माहेर
गडहिंग्लजकर दादा, ब्याडगीवर उगाच ठपका ठेवू नये. ब्याडगी मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते तिच्या गडद रंगासाठी आणि सौम्य तिखटपणासाठी. त्यातही डब्बी ही आखूड व फुगीर असते आणि कड्डी लांब व सुरकुतलेली असते, हे पाहून घेणाऱ्याची फसगत होत नाही. टिकण्याचा प्रश्न मिरचीच्या जातीचा नसून ती किती वाळली याचा आहे. मिरची मुठीत आवळल्यावर कडकन मोडली आणि आतले बी खुळखुळले तर ती कांडायला योग्य समजावी; वाकली, पण मोडली नाही, तर ती संकेश्वरी असो वा ब्याडगी, चटणीत ओल घेऊनच जाणार. काळपटपणाचे म्हणाल, तर मिरचीचा लाल रंग उजेडाने, उष्णतेने आणि हवेने उतरतो. पारदर्शक डब्यात ठेवलेली चटणी म्हणूनच आधी फिकट आणि मग तपकिरी दिसू लागते. ताईंनी डबा कसला आहे ते अजून सांगितलेले नाही.

निपाणीची आत्या
आमच्या घरी चटणी चिनी मातीच्या बरणीत भरतात. तळाशी खडे मीठ, मग चटणीचा थर, त्यावर हिंगाचा खडा, पुन्हा चटणी, असे दाबून दाबून तोंडापर्यंत भरायचे, वर पुन्हा मीठ पसरायचे आणि दादरा घट्ट बांधून ठेवायचा. आषाढ-श्रावणात बरणीला हात लावायचा नाही. त्या दोन महिन्यांची चटणी आधीच लहान बरणीत काढून ठेवायची, असा आमच्या सासूबाईंचा दंडक होता. आपण हिंगाचे खडे घातले होते का?

कॅम्पातला नवशिका
चटणी फार तिखट झाली असल्यास रस्सा करताना भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण थोडे वाढवावे किंवा शेवटी दोन चमचे दही फेटून घालावे. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असे आपण समजतो, परंतु तो मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. पुढील वेळी कांडण्यापूर्वी शिरा काढल्यास तिखटपणा बराच उतरेल.

खानापूरच्या काकू
त्यांनी तिखटपणाबद्दल विचारलेले नाही. टिळकवाडीकर, मी विचारलेल्या चार गोष्टींपैकी आपण एकच सांगितली आहे. लसूण-कोथिंबीर ओली होती का?

टिळकवाडीकर
सविस्तर लिहिते. कांदा उभा चिरून उन्हात वाळवला आणि शेंगदाणा तेलात कुरकुरीत तळला. सुके खोबरे, धने, तीळ, खसखस आणि दगडफूल, नाकेश्वर, बादियान, जायपत्री वगैरे गरम मसाला मंद आचेवर भाजला. लसूण सोलून आणि कोथिंबीर धुऊन, निथळून, खडे मिठाबरोबर डंकावरच घातली. आमच्याकडे ती अशीच घालतात आणि तिच्यामुळेच चटणीला चव येते. हिंग घातला आहे. चटणी प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात आहे. डबा गॅसच्या वरच्या फळीवर असतो, म्हणजे स्वयंपाक करताना हाताशी येतो. रोजची चटणी त्यातूनच काढते. आता यावर काय करावे, एवढेच हवे आहे.

अथणीचा भाऊ
सोपा उपाय सांगतो. शेंगदाणा तेल चांगले तापवून गार करावे आणि चटणीवर बोटभर थर राहील इतके ओतावे. लोणच्याला आपण हेच करतो. हवा लागली नाही की वास थांबतो.

हुबळीचा अन्नतंत्रवाला
हा उपाय कृपया करू नये. लोणचे टिकते ते केवळ तेलामुळे नव्हे, तर त्यातील आंबटपणा आणि मीठ यांमुळे. या चटणीत ओला लसूण आहे आणि आंबटपणा जवळजवळ नाही. अशा ओलसर पदार्थावर तेलाचा थर दिला की हवा बंद होते, आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना तेच मानवते. तेलात बुडवलेला कच्चा लसूण खोलीच्या तापमानाला ठेवू नये असे सांगतात ते याच कारणाने. त्यात बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते आणि ते वासावरून ओळखता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मिरची पुडीतील ओलावा ११ टक्क्यांहून अधिक नसावा, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा निकष आहे. कोरडी मिरची आणि भाजलेला मसाला त्या मर्यादेत राहतो. परंतु सोललेल्या लसणात साठ टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि धुतलेल्या कोथिंबिरीत त्याहूनही पुष्कळ जास्त. उन्हाळ्यात कांडल्यावर चटणी हाताला कोरडी लागते, कारण ते पाणी मिरचीने आणि धन्यांनी शोषून घेतलेले असते. ते नाहीसे झालेले नसते. त्यात पावसाळी हवा, गॅसवरून रोज वर जाणारी वाफ आणि उघडझाप होणारा डबा यांची भर पडली की मीठच उलट हवेतील ओल ओढू लागते.

टिळकवाडीकर, डबा उजेडात नेऊन झाकणाची आतली बाजू, चटणीचा पृष्ठभाग आणि डब्याच्या कडा नीट पाहा. पांढरी, राखाडी किंवा हिरवट लव, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा आतून वेगळ्या रंगाच्या गुठळ्या दिसतात का, हे कळवा. तोवर ती चटणी खाऊ नये.

अथणीचा भाऊ
लसणाचे मला माहीत नव्हते, त्यामुळे तेलाचा सल्ला मागे घेतो. मात्र बुरशी आलीच असेल तर वरचा थर काढून खालची चटणी तव्यावर खरपूस भाजून घेण्यात काय हरकत आहे? आमच्या आजीच्या काळी असेच करीत. एवढ्या महागाची मिरची, मसाले आणि घरातल्या बायकांचे कष्ट उकिरड्यावर टाकणे जिवावर येते.

हुबळीचा अन्नतंत्रवाला
कष्ट वाया जातात याचे मलाही वाईट वाटते, परंतु येथे हरकत मोठी आहे. वर दिसते ती बुरशीची फुललेली लव असते. तिचे तंतू त्याआधीच खोलवर गेलेले असतात. मिरची, शेंगदाणे आणि खोबरे यांवर येणाऱ्या काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृताला घातक असते आणि स्वयंपाकाच्या आचेने नष्ट होत नाही. भाजल्याने बुरशी मरेल आणि वासही जाईल. विष मात्र राहील, आणि वास गेल्यामुळे ती चटणी आपण निःशंकपणे मुलांच्या ताटात वाढू. म्हणून बुरशी दिसली तर ती चटणी टाकावी.

वडगावची वहिनी
डंकावर आमच्या आधी कोणाचा माल कांडला आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. आमच्या चटणीत एका वर्षी दुसऱ्याची हळद आणि ओलसर भुगा आला होता. तेव्हापासून मी रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून पहाटे जाते आणि उखळ पुसून घेतल्याशिवाय मिरची ओतू देत नाही. तरीही मिक्सरपेक्षा डंक बरा. मिक्सरचे पाते मसाला कापते आणि तापवते. डंकाचे मुसळ तो कुटते, त्यामुळे कांद्या-लसणाचा रस मिरचीत मुरतो आणि चटणीला तो सरबरीतपणा येतो.

निपाणीची आत्या
वहिनींशी सहमत आहे, पण तो मुरलेला रस म्हणजेच पाणी, हे आता ध्यानात येते. आमच्याकडे लसूण आणि कोथिंबीरही कांद्याबरोबर तळून घालतात; कोथिंबीर आधी सावलीत दोन दिवस सुकवतात. त्यामुळेच आमची बरणी दिवाळीपर्यंत बिघडत नसावी. हे सगळे श्रेय मी हिंगाला देत होते.

टिळकवाडीकर
डबा खिडकीपाशी नेऊन पाहिला. झाकणाच्या आतल्या आट्यांत हिरवट लव आहे आणि मधोमध, जिथे चमचा रोज जातो तिथे, पांढुरक्या गुठळ्या आहेत. एक गुठळी फोडली तर आतून राखाडी निघाली. ही चटणी टाकायची, हे मान्य केले.

मात्र जाऊबाईंच्या वाटणीचा स्टीलचा डबा वेगळा आहे. तो माजघरातल्या कपाटात उन्हाळ्यापासून बंदच होता. आत्ता उघडला. लव कुठेच नाही, वास लसणाचा आणि मसाल्याचाच आहे, रंगही लाल आहे. फक्त चटणी दाबून बसली आहे आणि थोडे गोळे झाले आहेत, जे बोटाने सहज फुटतात. हा डबा कसा राखावा?

खानापूरच्या काकू
दोन डबे आहेत हे पहिल्याच दिवशी लिहिले असते तर एवढी चर्चा लागली नसती. असो. मोडणारे गोळे केवळ दाबल्यामुळे होतात. आतून रंग सारखाच असेल आणि वास शुद्ध असेल तर घाबरण्याचे कारण नाही. आमच्याकडे खानापुरात पाऊस तुमच्यापेक्षा जास्त, तेव्हा आम्ही काय करतो ते सांगते. जाड बुडाची कढई तापवायची, गॅस बंद करायचा आणि मग मूठ-मूठ चटणी टाकून उलथन्याने सतत हलवायची. चालू गॅसवर कधीही टाकू नये. मिरची क्षणात करपते, चटणी कडू होते आणि घरभर ठसका उठतो. चटणी हाताला कोमट व मोकळी लागली की परातीत पसरायची. पूर्ण निवाल्याशिवाय डब्यात भरायची नाही, नाहीतर आतल्या आत घाम धरून पुन्हा तीच गत होते.

हुबळीचा अन्नतंत्रवाला
काकूंची पद्धत योग्य आहे. घरी ओव्हन असल्यास पातळ थर पसरून ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, दार किंचित उघडे ठेवून सुकवता येईल; त्यात रंगही कमी उतरतो. सुकवल्यावर लहान लहान हवाबंद पाकिटे करून डीप फ्रीझरमध्ये ठेवावीत. एक काळजी मात्र घ्यावी: पाकीट बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा गार चटणीवर बाहेरच्या हवेतील ओल जमते. बिघडलेल्या डब्यात वापरलेला चमचा या चटणीला लावू नये. तो प्लास्टिकचा डबाही पुन्हा चटणीसाठी वापरू नये, कारण झाकणाच्या आट्या कितीही घासल्या तरी पूर्ण स्वच्छ होत नाहीत.

गडहिंग्लजकर
पुढच्या उन्हाळ्यासाठी सुचवतो. मिरची, धने, खोबरे, तीळ आणि भाजलेला गरम मसाला एवढेच कोरडे कांडून ठेवा आणि कांदा-लसूण महिन्यापुरता तळून त्यात मिसळत जा. मूळ मसाला वर्षभर राहतो आणि लसणाचा वासही ताजा लागतो. मिरची अर्थात संकेश्वरीच घ्यावी.

हावेरीचे माहेर
आणि रंगासाठी डब्बी घालावी.

टिळकवाडीकर
कढईच्या पद्धतीने निम्मा डबा आज मोकळा केला आणि चटणी परातीत निवत ठेवली आहे. उरलेला उद्या करीन. जाऊबाईंना फोन करून सर्व सांगितले. त्यांची पाकिटे फ्रीझरमध्ये राहतील आणि त्यांच्याच वाटणीतली थोडी चटणी गणपतीतल्या उसळीसाठी आम्हांला ठेवण्यास त्यांनी होकार दिला आहे. गडहिंग्लजकर दादा, कांदा-लसूण महिन्याला तळून मिसळायचा असेल तर एक किलो मिरचीच्या कोरड्या मसाल्याला मीठ आधीच घालावे की मिसळताना?

गडहिंग्लजकर
मिसळतानाच घालावे, तेही खडे मीठ भाजून, कुटून. आधी घातलेले मीठ पावसाळ्यात ओल धरते.