पाय वाकले की नर विका?

कोंडाकाका: परवा इथे एकाने ठोकून दिलं, 'डुकराच्या पिल्लांचे पाय वाकले तर नर विका. हाडं रक्तातून येतात, खाद्यावर पैसे घालवू नका.' वाचून डोकं फिरलं. खाद्यात तांदळाचा कोंडा 40 टक्के कोंबायचा आणि खापर नरावर? कोंड्यात फॉस्फरस दीड टक्क्याच्या वर, पण बहुतेक फायटेट नावाच्या न पचणाऱ्या संयुगात अडकलेला, आणि ते फोडण्याइतकं एन्झाइम डुकराच्या पोटात नाही. कॅल्शियम तर 0.1 टक्क्याच्या आसपास. 25 ते 50 किलोच्या जनावराला कॅल्शियम 0.66 आणि पचणारा फॉस्फरस 0.31 टक्के लागतो (अमेरिकेच्या एनआरसीचं 2012 चं डुक्कर-आहार मानक). मका-सोयापेंडीतून पचणारा फॉस्फरस जेमतेम 0.13 येतो. म्हणजे 100 किलो खाद्याला डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) 1.1 किलो आणि चुनखडी पावडर 800 ग्रॅम. आधी हे घाला, मग नराचं कुळ काढा.

वंशावळ: गणित पाठ आहे, शाबास. पण जर्मनीत वंशागत मुडदूस असलेली डुकरं सापडली, त्यांना काय डीसीपी पुरलं? त्यांचं सीवायपी27बी1 जनुक बिघडलेलं. त्यामुळे मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाचं कॅल्सिट्रिऑल, म्हणजे शरीराला वापरता येणारं रूप, होत नाही. पिल्लू महिनाभर ठणठणीत, नंतर रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. नेहमीच्या मात्रेत ड दिलं तरी उपयोग शून्य.

कोंडाकाका: जर्मनीतला एक दुर्मिळ कळप आणि आपल्याकडचा प्रत्येक लंगडा पाय, एकाच तागडीत?

वंशावळ: तोंड उघडण्याआधी ओळखायचं कसं ते वाचा. दोष अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघं वाहक (स्वतः धड, पण बिघडलेलं जनुक बाळगणारे) हवेत. एकाच नराच्या, नात्यातल्या मादीपासून झालेल्या वेतात साधारण चारातलं एक पिल्लू बसतं, बाकीची धावतात. सगळ्या वेतांतली, वेगवेगळ्या नरांची पिल्लं एकाच महिन्यात लंगडली तर खाद्याचं पोतं दोषी. एवढं तरी पटतं का?

खरकटं_जिंदाबाद: हॉटेलच्या खरकट्यावरची गल्लीतली डुकरं कधी लंगडताना पाहिलीत? नको ते डीसीपी.

कोंडाकाका: ती वाढतात किती हळू! दिवसाला 700 ग्रॅम वजन चढवणाऱ्या लँडरेस जातीच्या डुकराचं हाड आणि त्यांचं हाड सारखं का? शिवाय डीसीपी 'नको' नाही, बाजारात मिळतं ते 'खोटं' आहे. चमचाभर पावडरीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर त्यात चुनखडी मिसळलीय. डीसीपी असं फसफसत नाही. 18 टक्के फॉस्फरसचे पैसे मोजून लोक दगड विकत घेतात.

फीडमिल_ऑपरेटर: चुनखडीवर व्हिनेगर ओतून तळाशी वाळू राहते का तेही बघा. आणि चुनखडी स्वस्त म्हणून 2 किलो टाकणाऱ्यांनो, तिथे कॅल्शियम 1.1 टक्क्यावर जातं. जादा कॅल्शियम फायटेटला चिकटून बसतं, मग फायटेजलाही (फायटेट फोडणारं एन्झाइम) ते फुटत नाही. वर झिंक अडतं, कातडीवर खपल्या येतात. दुकानदार मात्र 'खरूज' म्हणून औषध देतो!

वंशावळ: फायटेजवर एक शब्द. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठाने लाळेतच फायटेज असलेलं डुक्कर बनवलं होतं, एन्व्हायरोपिग. शेणातला फॉस्फरस 75 टक्क्यांपर्यंत घटला. 2012 मध्ये निधी बंद झाला, कळप संपवला. जनुकात ताकद नाही म्हणणाऱ्यांनी हे...

फीडमिल_ऑपरेटर: तेच काम पिशवीतलं फायटेज करतं, किलोभर खाद्याला 500 युनिट. डीसीपी अर्धा किलोवर येतं. तेवढं कॅल्शियम कमी पडतं म्हणून चुनखडी 1 किलो करा. पण साधं फायटेज टाकून पेलेट (खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या) 85 अंशाला वाफवू नका, एन्झाइम मरतं. तिथे कोटिंगवालं घ्या, नाहीतर पेलेट झाल्यावर फवारा.

खरकटं_जिंदाबाद: नुसतं रक्त तपासून घ्या की, कशाला एवढं!

वंशावळ: खाद्य कमी असलं तरी रक्तातलं कॅल्शियम बऱ्याचदा ठीकच दिसतं, कारण जनावर स्वतःच्या हाडातून ओढून घेतं. म्हणून कत्तलीनंतर पायाचं हाड जाळून राख मोजा, हाडात खनिज किती ते कळतं. वंशागत मुडदुसात मात्र रक्तच बोलतं: कॅल्शियम खाली, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडाचा बिघाड दाखवणारं एन्झाइम) चढलेलं.

कोंडाकाका: बरं, चारातलं एक लंगडलं तर नर बघीन. पण व्हिनेगर आधी.

वंशावळ: ओता. आणि नर बदललात तरी वाहक मादी गोठ्यातच उभी असते, तीही बघा.