नाकाबंदीत डिकी उघडायला लावतात, वॉरंट लागत नाही का?

लग्नफोटोवाला, लालबाग:
शनिवारी ठाण्याचं रिसेप्शन उरकून गाडीने परत येत होतो. सायनच्या पुढे नाकाबंदी लागली. डिजिलॉकरमधलं लायसन्स, आरसी दाखवली, मशीनमध्ये फुंकलो, काही निघालं नाही. मग म्हणाले, "डिकी उघड." कशासाठी ते सांगेनात. पाऊस भुरभुरत होता, तरी लेन्सचे डबे एकेक उघडून बोनेटवर मांडले. ७०-२०० च्या काचेत आता आतून वाफ धरलीय. ती लेन्स म्हणजे माझं पोट आहे. सोबतच्या असिस्टंट मुलीची पर्सही पुरुष शिपायानेच उचकली. शेवटी मोबाईलचं लॉक काढायला सांगितलं, ते मात्र मी काढलं नाही. चलन नाही, पावती नाही. हे कायद्यात बसतं का?

कुर्ला कोर्टातला वकील:
लॉक काढलं नाहीत, योग्य केलंत.
मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितले की कागद दाखवावेच लागतात. दारूची शंका आली तर कलम २०३ खाली फुंकायलाही लावता येतं. पण कागद बघण्याचा अधिकार म्हणजे डिकी उपसण्याचा अधिकार नव्हे. वॉरंटशिवाय झडतीसाठी १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५ आहे (पूर्वीचं सीआरपीसी १६५). तिथे एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू हवा, झडतीची कारणं आधी लिहून काढायला हवीत, आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवी. त्याच संहितेच्या कलम १०५ मुळे झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं झालंय. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. पर्सच्या वेळीही महिला पोलिसाला बोलवायचा आग्रह धरा.
अपवाद अमली पदार्थांचा. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ४९ खाली अधिकार दिलेला अधिकारी नुसत्या संशयावरून गाडी थांबवून तपासू शकतो, पण संशयाला काही कारण हवं आणि साध्या शिपायाला तो अधिकार नाही.

निवृत्त, नायगाव:
वकीलसाहेब, २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीला कसाब नाकाबंदीतच सापडला. तुकाराम ओंबळेंनी जीव दिला तिथे. रस्त्यावर उभा असलेला माणूस काय बघून गाडी सोडतो, हे कलमात लिहिलेलं नसतं.

कुर्ला कोर्टातला वकील:
काका, ओंबळेसाहेबांपुढे मान झुकतेच. पण त्या रात्री गोळीबार झालेला होता, गाडीची खबर वायरलेसवर आलेली होती. इथे कुठली खबर होती? आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते: झडती बेकायदा ठरली तरी सापडलेली वस्तू पुरावा म्हणून चालू शकते, सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात ते सांगितलंय. म्हणून "नंतर कोर्टात बघू" यावर विसंबू नका. विचारायचं ते तिथेच, शांतपणे: कुठल्या कलमाखाली, आणि अधिकारी कोण?

लग्नफोटोवाला, लालबाग:
आणि लेन्सचं?

कुर्ला कोर्टातला वकील:
दुरुस्तीवाल्याकडून खर्चाचं कोटेशन लेखी घ्या. झोनच्या डीसीपींकडे (पोलीस उपायुक्तांकडे) वेळ, जागा, गाडीचा नंबर टाकून अर्ज करा आणि त्या चौकातलं सीसीटीव्ही जपून ठेवा अशी विनंती त्यातच लिहा. फुटेज फार दिवस राहत नाही, उद्याच जा. ताईंचा अर्ज वेगळा, त्यांच्याच सहीने.