येरळवाडी-मायणी एप्रिलमध्ये: जाण्यात अर्थ आहे का?

पिंपरीवाला: एप्रिलच्या पहिल्या रविवारी साताऱ्यातल्या खटावच्या तलावांवर जायचं मनात आहे: येरळवाडी, सूर्याचीवाडी, जमलं तर मायणी. मुख्य ओढ पट्टकादंबांची, म्हणजे थंडीत येणाऱ्या पट्टेरी डोक्याच्या रानहंसांची. 8×42 दुर्बीण आहे, स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) नाही. मित्र म्हणतात, हंगाम संपला, डिसेंबरातच जायचं होतं. खरंय का?

उजनीकाठ: पट्टकादंब विसरा. बहुतेक मार्चमध्येच उत्तरेला निघतात. रोहित (फ्लेमिंगो) बघायचे तर भिगवणला या.

वडूजकर: पट्टकादंबांचं बरोबर. पण हंगाम संपला, हे काय पटत नाही. आम्ही इकडची माणसं थंडीत पाहुण्यांना तलाव दाखवतो अन् स्वतः चैत्रात जातो. डिसेंबरात पाणी वरपर्यंत असतं, चिखल दिसणार कुठं? आता पाणी उतरलेलं. गाळपेरीची पिकं संपली की पुढं ओल्या गाळाचा पट्टा लागतो. परतीचे चिखलपक्षी तिथंच चरत असतात, पुढच्या लांब उड्डाणासाठी अंगात चरबी साठवत. आणि रंग बघा! हिवाळ्यात मातकट दिसणारा मालगुजा आता मानेपासून छातीपर्यंत विटकरी व्हायला लागतो. छोट्या टिलव्याचा चेहराही तांबूस.

माझा जीव मात्र पिवळ्या धोब्यांवर. थंडीत सगळे सारखेच वाटतात, ओळखायचा नाद मी केव्हाच सोडला. एप्रिलात नरांची डोकी रंगतात आणि उपजाती निम्म्या तरी सुटतात. काळ्याकुळकुळीत डोक्याचा, करड्या डोक्याचा, आणि फिकट राखी डोक्यावर ठळक पांढरी भुवई असलेला ‘बीमा’. या बीमाचं वर्णन कर्नल साइक्सनं 1832 मध्ये आपल्या दख्खनमधल्या पक्ष्यांवरूनच केलं. वीण मात्र पार रशिया-कझाकस्तानात. म्हशींच्या पायांत बघा, तिथंच सापडतात.

वेळेचं सांगतो. उजाडायच्या आत येरळवाडी गाठा आणि पूर्वेच्या काठाला थांबा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. साडेनऊनंतर झळा सुरू होतात. मग स्कोप असला तरी टिलवा काय नि तुतारी पक्षी काय, सगळं थरथरतं. मायणीच्या तलावात गाळ फार, उन्हाळ्यात पाणी असेलच असं नाही. निघण्याआधी गावात कुणाला तरी विचारा. दुपार झाडाखाली काढा, भाकरी बरोबर असू द्या.

पिंपरीवाला: वा, मग येतोच. फोटोसाठी गाडी खाली पाण्यापर्यंत नेता येते का?

वडूजकर: नेता येते, म्हणूनच सांगतो, नेऊ नका. पाण्याजवळच्या खडीवरच छोटा कंठेरी चिखल्या अंडी घालतो. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी खड्यांसारखीच. चाकाखाली गेली तरी कळायचं नाही. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढं पळायला लागला, तर पिल्लं किंवा अंडी जवळ आहेत समजा आणि आल्या पावली मागं फिरा. त्या उन्हात आईबाप थोडा वेळ जरी उठले तरी अंडी भाजतात.

उजनीकाठ: याला शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे प्रॅटिनकोल पक्ष्यांच्या जमिनीवरच्या घरट्यांचं हेच होतं. आणि संध्याकाळी लगेच पुण्याला पळू नका. भोरड्या जायच्या आधी मोठाले थवे करतात, बाभळींवर लक्ष ठेवा.

पिंपरीवाला: ठरलं. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवतो. म्हशी कुठल्या बाजूला असतात?

वडूजकर: जिकडं पाणी उथळ तिकडं. गुराख्याला रामराम घाला, तोच दाखवेल.