मदत हवी आहे: इंडिया इंक (क्रिप्टोकॉकस ही बुरशी दाखवणारी शाईची चाचणी) निगेटिव्ह, तरी संशय जात नाही. प्रगत एचआयव्हीमधली बुरशी छोट्या प्रयोगशाळेत कशी पकडायची?

काचपट्टी (धागाकर्ता)

गरीब देशांतल्या जिल्हा पातळीच्या रुग्णालयात जेवढी साधनं असतात तेवढीच धरून कामाचा क्रम ठरवायचा आहे. सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज, फ्रिज, इंडिया इंक, जीम्सा (पेशी रंगवायचा रंग), १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) आणि टीबीचा जनुकीय शोध घेणारं जीनएक्सपर्ट यंत्र आहे. क्रिप्टोकॉकल अँटिजेनच्या म्हणजे क्रॅगच्या (बुरशीचा अंश ओळखणाऱ्या) स्ट्रिपा मिळतात, पण मोजक्या. बुरशीचं कल्चर होत नाही. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) बाहेर जातं, अहवालाला आठवडा लागतो.

१. सीडी४ १०० च्या खाली, दोन आठवडे डोकेदुखी. पाठीतल्या (मणक्यातून सुईने काढलेल्या) पाण्यात पेशी ४, साखर-प्रथिनं नॉर्मल, इंडिया इंक निगेटिव्ह. क्रिप्टोकॉकस नाही, असं लिहून द्यावं का?
२. स्ट्रिपा कोणासाठी राखून ठेवाव्यात?
३. एक्सपर्ट निगेटिव्ह, पण लक्षणांवरून टीबीची औषधं सुरू केली. महिना झाला, ताप आणि वजनातली घट चालूच. यात बुरशी शोधायची तर कुठे?

प्रोझोन

पहिल्याचं उत्तर: नाही, लिहून देऊ नका. प्रतिकारशक्ती इतकी खालावली की मेंदूच्या आवरणाला सूज आणायलाही पेशी उरत नाहीत. त्यामुळे पाणी 'नॉर्मल' दिसणं या रुग्णांत नवलाचं नाही. इंडिया इंक चांगल्या हातातही साधारण सातातला एक रुग्ण सोडते, आणि बुरशीचा भार कमी असेल तर त्याहून जास्त.

निम्म्या चुका काचपट्टीवर नाही, त्याआधी होतात. अर्धा मिली पाण्यातून न फिरवता थेंब घेतला तर काय सापडणार? ३ ते ५ मिली घ्या, १५०० ते २००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा. वरचं पाणी टाकू नका, ते स्ट्रिपला आणि प्रथिनांना चालतं. गाळाचा एक थेंब, शाईचा त्याहून लहान थेंब, वर कव्हरस्लिप. पट्टी छापील कागदावर ठेवल्यावर खालची अक्षरं जेमतेम वाचता आली तर शाई बरोबर. अक्षरं दिसेनाशी झाली तर जाड झाली, यीस्ट (बुरशीची पेशी) असूनही दिसणार नाही. १०च्या भिंगाने शोधा, ४०ने खात्री करा, आणि निगेटिव्ह म्हणण्याआधी कव्हरस्लिप पूर्ण पालथी घाला.

उलटी चूकही होते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीभोवती शाई सरकून धूसर वलय दिसतं, पण त्याची कडा विरत जाते. क्रिप्टोकॉकसच्या कॅप्सूलची कडा कापल्यासारखी स्वच्छ असते, आत पेशीभित्तिकेची दुहेरी रेघ दिसते आणि कुठेतरी अरुंद मानेची कळी फुटलेली सापडते. शंका असेल तर दुसऱ्या पट्टीवर १० टक्के केओएचचा थेंब टाका. पांढऱ्या पेशी विरघळतात, यीस्ट तसंच राहतं.

पेशी मोजण्याच्या चेंबरमध्ये तर शाई नसतेच. तिथे यीस्ट सर्रास लिम्फोसाइट म्हणून मोजलं जातं. तुमच्या त्या ४ 'पेशी' नेमक्या कोण आहेत, ते एकदा बघा.

सलाइनची नळी

पाणी काढताना दाब मोजला का, हे कोणी विचारतच नाही. मॅनोमीटर नसला तर अडत नाही. सलाइन सेटच्या निर्जंतुक नळीचा तुकडा सुईला जोडा, नळी सरळ उभी धरा आणि सुईच्या पातळीपासून पाण्याची उंची टेपने सेंमीमध्ये मोजा. रुग्ण कुशीवर हवा, बसलेला नको. मोजताना पोटाशी घेतलेले पाय थोडे सैल सोडायला सांगा, नाहीतर आकडा उगाच वाढतो.

२० सेंमीच्या वर दाब आणि बाकी सगळं नॉर्मल असेल तर क्रिप्टोकॉकस डोक्यातून काढू नका. २५ किंवा जास्त आणि डोकेदुखी असेल तर तिथेच पाणी काढून दाब २० च्या खाली आणायचा. सुरुवातीचा दाब फारच जास्त असेल तर निम्म्यावर. लक्षणं राहिली तर रोज. डोळा आत वळला आहे म्हणून पंक्चर (सुईने पाणी काढणं) टाळणारे भेटतात. सहाव्या नसेचा तो लकवा वाढलेल्या दाबामुळेच असतो, आणि उपाय पाणी काढणं हाच. एका बाजूची कमजोरी असेल किंवा झटके थांबत नसतील तर मात्र थांबा.

प्रोझोन

दुसरा प्रश्न. स्ट्रिप आधी पाठीतल्या पाण्यावर, मेंदूज्वराचा संशय असलेल्या प्रत्येकासाठी, इंडिया इंकची वाट न पाहता. त्यानंतर ज्यांना लक्षणं नाहीत पण सीडी४ १०० च्या खाली आहे, त्यांच्या रक्तावर. जागतिक आरोग्य संघटना २०० पर्यंत तपासायचा विचार करा म्हणते, पण साठा मोजका असेल तर १०० ची रेषा धरा. वॉर्डात दाखल झालेल्या आजारी एचआयव्ही रुग्णासाठी आठवडाभर सीडी४ची वाट बघू नका. २०० च्या वर की खाली एवढंच सांगणारी, मशीन न लागणारी सीडी४ पट्टीही आता मिळते, तिची मागणी नोंदवा. नुसतं बघून ओळखू म्हणाल तर फसाल. सीडी४ ५० असलेला माणूस चालत बाह्यरुग्ण विभागात येतो.

कृती सोपी आहे. नळीत डायल्युएंटचा एक थेंब, ४० मायक्रोलिटर नमुना, स्ट्रिप बुडवा, १० मिनिटांनी वाचा. घड्याळ लावा. वाळलेल्या स्ट्रिपवर तासाभराने उमटलेल्या रेघेला अर्थ नाही.

काचपट्टी

धन्यवाद. चाचणीची रेघ अगदी पुसट आली तर? आणि इंडिया इंक पॉझिटिव्ह पण स्ट्रिप निगेटिव्ह, असं झालं तर कोणाचं खरं मानायचं?

प्रोझोन

वेळेत आलेली पुसट रेघही पॉझिटिव्हच. पण पुसट रेघेमागे कधी कधी प्रचंड अँटिजेन लपलेलं असतं. अँटिजेन इतकं जास्त होतं की दोन्ही प्रतिपिंडांच्या जागा सुटी सुटी भरून जातात, मधला पूल बनतच नाही, आणि रेघ फिकी पडते किंवा येतच नाही. माझं टोपणनाव त्यावरूनच. म्हणून इंक पॉझिटिव्ह, स्ट्रिप निगेटिव्ह दिसलं की नमुना पातळ करून पुन्हा लावा: १६० मायक्रोलिटर डायल्युएंटमध्ये ४० नमुना, म्हणजे १:५. गरज पडली तर पुढे दुप्पट दुप्पट. पातळ केल्यावर रेघ ठळक झाली तर उत्तर मिळालं. पातळ करूनही काहीच नाही, तर आधी वर सांगितलेलं लिम्फोसाइटचं वलय पुन्हा तपासा.

रक्तात पॉझिटिव्ह आणि लक्षणं नाहीत, तरी पंक्चर करा. अशांपैकी साधारण एक तृतीयांश जणांच्या पाठीतल्या पाण्यात संसर्ग आधीच पोचलेला असतो. रुग्ण पंक्चरला तयार नसेल तर टायटर करा, म्हणजे किती पातळ केल्यावरही रेघ येते ते बघा. १:१६० किंवा जास्त आलं तर मेंदूपर्यंत गेला असण्याची शक्यता बरीच, असं समजून वागा.

आणखी एक. उपचारानंतर स्ट्रिप महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून जास्त पॉझिटिव्ह राहते. बरं झालं का किंवा उलटलं का, हे तिच्यावरून ठरवू नका. त्यासाठी पाठीतल्या पाण्याचं कल्चर लागतं.

ओपीडीतला

एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा डोकेदुखीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि लगेच एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सुरू केली तर?

सलाइनची नळी

दोन्ही नको. क्रिप्टोकॉकल मेंदूज्वरात डेक्सामेथासोनने अपंगत्व आणि दुष्परिणाम वाढतात, हे २०१६ मध्ये आफ्रिका-आशियातल्या चाचणीत दिसलं आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. एआरटी बुरशीवरचे उपचार सुरू झाल्यावर ४ ते ६ आठवड्यांनी. म्हणूनच तर एआरटीच्या आधी स्ट्रिप.

मळीतली यीस्ट

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही. टीबीच्या औषधांना दाद नाही, यकृत-प्लीहा वाढलेली, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी उतरलेल्या, यकृताच्या चाचणीत एएसटी एएलटीपेक्षा जास्त: हिस्टोप्लाझ्मोसिस (हिस्टोप्लाझ्मा या बुरशीचा आजार) शोधा. सगळ्यात चांगली चाचणी लघवीतलं अँटिजेन. २०१९ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक चाचण्यांच्या यादीत आहे, पण पुष्कळ ठिकाणी पोचलेली नाही. ब्लास्टोमायसेस, पॅराकॉक्सिडिऑइडिस आणि टॅलारोमायसेस या दुसऱ्या बुरशींमध्येही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, तेवढं ध्यानात ठेवा.

तुमच्याकडे जीम्सा आहे, तो वापरा. रक्त फिरवून पांढऱ्या पेशींचा मधला थर घ्या, स्मिअर करा आणि शेपटाकडच्या टोकाला बघा. मोनोसाइटच्या पोटात २ ते ४ मायक्रॉनच्या गोलसर यीस्ट दिसतात. भोवतीचं पांढरं वलय कॅप्सूल नसतं, रंगवताना आकसल्याने पडलेली फट असते. काळा आजार असलेल्या भागात त्याच्या परजीवीशी, लिशमॅनियाशी, घोटाळा होतो. लिशमॅनियात केंद्रकाशेजारी दांडीसारखा कायनेटोप्लास्ट दिसतो, यीस्टमध्ये नाही. स्मिअर निगेटिव्ह आला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

चेहऱ्यावर मध्ये खळगा असलेल्या पुटकुळ्या असतील तर मोलस्कम (विषाणूच्या पुटकुळ्या) म्हणून सोडू नका. एक खरवडा, पट्टीवर दाबा, जीम्सा करा. अरुंद मानेच्या कळ्या असल्या तर हिस्टोप्लाझ्मा. कळी नसून पेशीच्या मधोमध आडवी भिंत दिसली तर टॅलारोमायसेस, जो आग्नेय आशिया, दक्षिण चीन आणि ईशान्य भारतात सापडतो. क्रिप्टोकॉकसही हुबेहूब अशाच पुटकुळ्या देतो. तिथे स्ट्रिप कामाला येते.

आणि टीबी सापडला म्हणून शोध थांबवू नका. या सीडी४ला दोन्ही एकत्र असणं नवलाचं नाही.

ओपीडीतला

न्यूमोसिस्टिस या फुफ्फुसातल्या बुरशीचं काय? थुंकी कल्चरला पाठवतो.

मळीतली यीस्ट

व्यर्थ. ती बुरशी नेहमीच्या कल्चरवर वाढतच नाही. खोकून आलेल्या थुंकीत फारशी सापडतही नाही. ३ टक्के सलाइनची वाफ देऊन काढलेला नमुना त्यातल्या त्यात बरा, पण तो उघड्यावर किंवा हवेशीर खोलीत घ्या, टीबीचा धोका असतो. कोरडा खोकला, थोडं चालल्यावर उतरणारं ऑक्सिजन आणि रक्तात चढलेलं एलडीएच एन्झाइम दिसलं की को-ट्रायमोक्साझोल सुरू करा, अहवालाची वाट नको. औषध सुरू झाल्यावरही काही दिवस नमुन्यात बुरशी सापडते, त्यामुळे उशीर झाला म्हणून नमुना घेणं सोडू नका.

गिळताना दुखतं आणि तोंडात पांढरा थर आहे, तर एंडोस्कोपी कशाला? फ्लुकोनाझोल द्या. आठवड्याभरात फरक नाही पडला तरच पुढे शोधा, तेव्हा सीएमव्ही आणि हर्पीस हे विषाणू आठवा.

काचपट्टी

शेवटचं. पाणी दोनच मिली मिळालं तर आधी काय?

प्रोझोन

न फिरवलेल्या पाण्यातून पेशीगणना आणि स्ट्रिपचे ४० मायक्रोलिटर. बाकी फिरवा, गाळाचा एक थेंब इंकला, उरलेला एक्सपर्टला. वरचं पाणी झाकण लावून फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, टायटर लागलं तर ७२ तासांत करता येतं. आणि महिन्यातून एकदा नुसती शाई अधिक सलाइन अशी कोरी पट्टी बघत जा. बाटलीतच यीस्ट वाढलं असेल तर सगळेच रुग्ण पॉझिटिव्ह येतात.

मळीतली यीस्ट

बाहेर कल्चरला काही पाठवणार असाल तर अर्जावर 'हिस्टोप्लाझ्मा संशयित' हे ठळक लिहा. खोलीच्या तापमानाला ती धाग्यांसारखी वाढते आणि तिचे बीजाणू श्वासातून जातात. प्लेट बेफिकिरीने उघडली तर तिथला तंत्रज्ञ आजारी पडेल.