सासऱ्यांना फ्लूची लस कशी पटवून द्यावी?

प्रश्न (फोंडा): सासरे ७४ वर्षांचे, मधुमेह आहे. गेल्या श्रावणात तापाने अंथरूण धरलं. खोकला गणेश चवथीपर्यंत टिकला, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायलाही त्यांना उठवेना. डॉक्टरांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगितलंय. फार्मसीत किंमत विचारली तर जवळपास दोन हजार. सासरे म्हणतात, "गोवा सरकारच्या दयानंद योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, ते एका सुईत घालवू? कोविडची तर फुकट मिळाली." आम्ही पैसे देतो म्हटलं तरी नको. पोरांवर भार नको, हा त्यांचा जुना स्वभाव. मला मात्र पावसाळा जवळ आला की धडकी भरते.

उत्तर (म्हापसा, निवृत्त परिचारिका): दंडात टोचतात त्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. एखाद दिवस हात दुखेल, अंग कसकसेल. विषाणू रूप बदलतो म्हणून दरवर्षी नवी लस. संरक्षण यायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा मे महिन्यातच घ्या. मधुमेह्यांचा फ्लू न्यूमोनियावर जाऊ शकतो, हे त्यांना स्पष्ट सांगा.

उत्तर (काणकोण): माझे बाबाही अडून बसले होते. वाढदिवसाला शर्ट नको, लस देतो म्हटलं. मुकाट्याने आले! भेटीला ते नाही म्हणत नाहीत.

प्रश्नकर्ती: त्यांचा वाढदिवस २० मेला आहे. डॉक्टरांकडे आजच विचारते.