आयरिश ‘अन्लन’ला मराठीत काय म्हणाल?

डब्लिनची सून:
मंडळी, एक शब्द अडलाय. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोककथा आयोगाने शाळकरी पोरांना कामाला लावलं होतं. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि वहीत उतरवून आणायचं. सुमारे ५,००० शाळा त्यात होत्या. गोष्टी, भुतंखेतं, औषधं आणि अर्थातच जुन्या काळचं खाणंपिणं. त्यातली खाण्याची पानं लेकीसाठी मराठीत करतेय.

‘अन्लन’ म्हणजे उकडलेल्या बटाट्याबरोबर जे काही असेल ते. ताक, खारवलेला हेरिंग मासा, पातीचा कांदा, काहीच नसलं तर नुसतं मिठाचं पाणी. उत्तरेकडची इंग्रजी बोलणारी मंडळी यालाच ‘किचन’ म्हणतात! शब्दकोश ‘सॉस’ सांगून मोकळा होतो. चटणी? रस्सा? कालवण?

सोलापुरी:
ताई, एवढा विचार कशाला? कोरड्यास! आमच्याकडं पाहुणा जेवायला बसला की आतून पहिला प्रश्न हाच, “कोरड्यास काय केलंय?” आमटी असो, पिठलं असो, झुणका असो. पदार्थ पातळ आहे का घट्ट, याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही. भाकरी कोरडी जाऊ नये, एवढीच त्याची नोकरी.

कोशकिडा:
सोलापुरींच्या बाजूने मत. कालवण नको, त्यात कालवणं आलं. मिठाच्या पाण्यात बटाटा बुडवून खाणाऱ्याने काय कालवलं? ‘तोंडीलावणं’ अर्थाने बसतं, पण आज ते ऐकलं की ताटाच्या डाव्या बाजूची कोशिंबीर-लोणची आठवतात. म्हणजे भाजी-आमटी आहेच, वर आणखी हेही. तिकडे गरिबाच्या घरी बटाटा हेच जेवण होतं. तिथल्या १८४०च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाआधी कष्टकरी गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे. भाकरी आणि कोरड्यास यांचं जे नातं, तेच इथे.

शिवाय त्यांची म्हणच आहे: भूक हेच उत्तम अन्लन. आपलं ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ शेजारी ठेवून बघा.

(अवांतर: आयरिश ‘प्राता’ आणि आपला पोर्तुगिजांकडून आलेला ‘बटाटा’ दोघेही मुळात एकाच कॅरिबियन शब्दाची लेकरं. आयर्लंडच्या पश्चिमेकडे तर ‘फाता’ म्हणतात.)

खारवी:
किनाऱ्यावरच्या लोकांचं काय? तिकडे एक लालसर समुद्री शेवाळ वाळवून खातात ना, डल्स. आमच्याकडे पेजेबरोबर सुका बांगडा असतो, त्याला कोणी कोरड्यास म्हणत नाही हो. आम्ही आपले ‘तोंडाक लावूक’ म्हणतो. घाटावरचा शब्द सगळ्या आयर्लंडच्या तोंडी घालू नका!

डब्लिनची सून:
खारवीदादा, रास्त आहे. डल्स आयरिशमध्ये ‘दिल्यस्क’. तेही अन्लनमध्ये मोडतंच.

पण एक गंमत अशी, की हे अन्लन ऋतूप्रमाणे बदलतं. गाई वसंतात व्यायच्या, म्हणून उन्हाळाभर दूध, ताक, लोणी. दुधातुपाच्या या सगळ्या प्रकाराला ‘बानविया’ म्हणजे ‘पांढरं अन्न’ असा शब्दच आहे. थंडीत गाई आटल्या की खारवलेला हेरिंग, तोही एकेक माणशी मिळेलच असं नाही. आणि जुलैत उलटंच. ताक आहे, पण जुने बटाटे संपलेले, नवे जमिनीत. त्या महिन्याचं नाव ‘कोबीचा जुलै’. त्याच्या शेवटच्या रविवारी नवा बटाटा खणायचा आणि लोण्याशी खायचा. पोरं त्या दिवसाकडे डोळे लावून बसायची.

जेवायची रीतही वाचण्यासारखी आहे. बटाटे उपसून पसरट टोपलीत टाकायचे, ज्यात उकडले त्याच भांड्यावर टोपली ठेवायची, सगळं घर भोवती बसायचं. मध्ये अन्लनचं एकच भांडं. सोलायला अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं. सालं डुकराला.

कोशकिडा:
मग ठरलं की. म्हाताऱ्यांच्या तोंडी कोरड्यास, किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडी तोंडाक लावूक, आणि तुमच्या निवेदनात ‘तोंडीलावणं’. एकाच शब्दाचा हट्ट कशाला?

डब्लिनची सून:
चालेल. अजून दोन अडलेत. बटाटा मुद्दाम आतून जरा कच्चा ठेवत, म्हणजे पोटात जास्त वेळ टिकतो. त्याला म्हणतात ‘हाड ठेवलेला बटाटा’. आणि हॅलोवीनला केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा कोबी घालून कुस्करलेले बटाटे, कोलकॅनन. त्याला भरीत म्हणू का?

सोलापुरी:
हाड कशाला, ‘कणी ठेवलेला’ म्हणा. भाताचा शब्द असला तरी कोणीही समजेल.

खारवी:
भरीत अजिबात नको. वांगं भाजल्याचा वास येतो त्या शब्दाला. कोलकॅननच ठेवा. मधोमध आळं करून त्यात लोणी सोडतात, हे मात्र लिहा. आळं हा शब्द आपल्या पोरांना भात-वरणामुळे माहीत आहे.

डब्लिनची सून:
आळं! हे सुचलंच नव्हतं. त्या आळ्यातल्या लोण्यात प्रत्येक घास बुडवून खातात. आणि हॅलोवीनच्या कोलकॅननमध्ये अंगठी लपवतात, ज्याच्या घासात येईल त्याचं लग्न आधी.

आता शेवटचं. छताला टांगलेल्या डुकराच्या खारवलेल्या मांसाकडे नुसता बटाटा रोखायचा आणि खायचा, मांस उतरवायचंच नाही. या गरिबीच्या विनोदाला इंग्रजीत ‘पोटॅटोज अँड पॉइंट’ म्हणतात.

सोलापुरी:
‘बटाटे नि बोट’. कोरड्यास बघायचं, खायचं नाही!

कोशकिडा:
बोट नाही, बटाटाच रोखतात. ‘बटाटा नि नेम’ कसं वाटतं?